ओ गटाच्या कार्डामागे लपलेला एच

‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं रक्तगटाचं कार्ड साताऱ्या-सांगलीकडे कुणी दाखवलं की माझ्या तोंडून हमखास प्रश्न निघतो, ‘एच तपासलंय का?’ हे खूळ लागलं ते १९५२च्या ‘लॅन्सेट’मधल्या दोन पानांमुळे. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया हे त्याचे मुंबईकर लेखक. इंग्लंडातून रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स त्यांच्या जोडीला. मुंबईतल्या तीन जणांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हतं, बी नव्हतं आणि ओवाल्यांकडे भरपूर असतं ते एचही नव्हतं. शिवाय रक्तद्रवात तिन्हींविरुद्ध प्रतिद्रव्यं सज्ज. शीर्षकातलं ‘नवं’ हे विशेषण लेखकांनी अवतरणचिन्हांत ठेवलं होतं. आजच्या प्रसिद्धीपत्रकांना हा संकोच परवडायचा नाही!

तीन वर्षांनी अमेरिकेत फिलिप लेव्हाइन यांच्यापुढे एक कोडं आलं. आई ओ आणि मूल एबी. वर्गातल्या नियमाने हे अशक्य, आणि असल्या ‘अशक्य’चा संशय आधी बाईवरच येतो. प्रत्यक्षात आईकडे बीचं जनुक होतं, पण ते दबलेलं. ए आणि बी एचवरच रचले जातात. एच नसेल तर बीचं जनुक असूनही पेशीवर काही दिसत नाही.

भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईतलं एच नसलेल्यांचं प्रमाण सुमारे ७,६०० जणांत एक असं मांडलं. दक्षिण कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात हा गट पुन्हा पुन्हा आढळतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची इथली जुनी चाल पाहता नवल नाही: आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सदोष जनुक आलं तरच हा गट प्रकटतो.

दोष एका अक्षराचा. १९व्या गुणसूत्रावरच्या एफयूटी-१ जनुकात ७२५व्या जागी टीऐवजी जी. शेजारचं एफयूटी-२ तर या मंडळींत गायबच. हीच जोडी रियुनियन बेटावरच्या भारतीय वंशाच्या लोकांतही सापडली.

एका अक्षराचा फरक कागदी पट्टीवर दाखवता येतो, हे दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेतले देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी सिद्ध केलं. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं नाव मिळालेली ही ‘फेलुदा’ चाचणी देशाला कळली ती २०२०च्या कोविडमुळे, पण तिची तयारी सिकलसेलसाठी चालली होती. आधी डीएनएच्या प्रती वाढवून त्यांना बायोटिन जोडायचं. मग फ्रान्सिसेला नोविसिडा या जिवाणूचं कॅस-९ प्रथिन, खुणेच्या आरएनएसह, त्यात सोडायचं. हे प्रथिन भलतं चोखंदळ. एक अक्षर चुकलं तरी धरत नाही. धरलं तर सोन्याचे सूक्ष्म कण त्याला चिकटतात, सगळं लटांबर बायोटिनमुळे पट्टीवर अडतं आणि रेघ उमटते.

मग ७२५साठी अशी पट्टी सातारा-सांगलीत वाटावी का? तत्त्वतः ती करता येईल, पण माझं मत विरुद्ध आहे. सिकलसेल हा आजार आहे. नंदुरबार-गडचिरोलीत वाहक ओळखण्याला अर्थ आहे. इथे एच नसलेला माणूस ठणठणीत असतो, रक्त चढवायची वेळ येईपर्यंत. वाहकाला तर काहीच होत नाही, नेहमीच्या तपासणीत तो ओळखूही येत नाही. गावोगाव वाहकांच्या याद्या करून ठरलेली लग्नं मोडायला नवं निमित्त कशाला द्यायचं?

धोका दुसरीकडेच आहे. फक्त ए आणि बीची रसायनं वापरली की हा माणूस ओ ठरतो आणि त्याला ओची पिशवी लागली तर जीव जाऊ शकतो. त्यावर उपाय जुनाच: रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींशी ताडून पाहायचा, गुठळ्या झाल्या तर अँटी-एच लावायचं. ते मिळतं युलेक्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून. निदान पक्कं झालं की त्याच दिवशी सख्ख्या भावंडांना रक्तासाठी बोलावून घ्यावं. आईवडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचं रक्त याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक असते.