काट्याला न कळणारा मेद

जळगावच्या सराफ बाजारात दागिन्याचे मोल नुसत्या वजनावर ठरत नाही, त्याचा कसही पाहिला जातो. स्वतःच्या देहाविषयी मात्र आपण सारी भिस्त काट्यावर ठेवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच देहांची कैफियत मांडली, तेव्हा दोघांचा वजन-उंची निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा भरला; पण अंगातील मेद युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या ठायी २१.२ टक्के निघाला.

हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सदऱ्याच्या गुंड्या ताणणारे, अशी मूर्ती धुळ्या-जळगावच्या पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत दुर्मीळ नाही. वरण-बट्टीवर तुपाची धार धरणारा शेतकरी दिवसभर कपाशीत राबत असे. त्याच्या नातवाने तूप राखले, कपाशी सोडली, आणि कळण्याची भाकरी पाहुण्यांपुरती उरली. यात दोष बट्टीला देणे मला तरी अन्यायाचे वाटते.

उदरात साठलेला हा मेद निपचित पडून राहत नाही. तो सौम्य दाह धुमसत ठेवतो, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते. आणि इन्सुलिन हे केवळ साखरेचे नियंत्रक नसून पेशींना वाढीचा हुकूम देणारे द्रव्यही असल्यामुळे, मोठ्या आतड्याच्या ज्या अंतस्त्वचेतील पेशी चार-पाच दिवसांत नव्या होतात, तेथे हा हुकूम वाजवीपेक्षा फार वेळा सुटतो. एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड झालेला असेल, तर तेथे 'अ‍ॅडिनोमा' नावाचा अंकुर धरतो. स्थूल व्यक्तींत असे अंकुर अधिक आढळतात. बहुतेक निरुपद्रवी राहतात. थोड्यांचा मात्र, बहुधा दहाएक वर्षांच्या अवधीत, कर्करोग होतो. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा रोग आपल्याकडे अद्याप कमी आहे, पण पोटाचे घेर त्यांच्या वाटेने निघाले आहेत. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात.

अंकुर दुखत नाही. क्वचित रक्त जाते, आणि ते मूळव्याधीच्या खाती जमा करून रोगी झाडपाल्याच्या औषधावर वर्ष काढतो. वास्तविक दुर्बिणीने तपासताना असा अंकुर दिसला, तर तारेच्या फाशाने तेथल्या तेथे कापून काढता येतो, आणि आतड्याच्या अंतस्त्वचेला कापल्याची वेदना कळत नसल्याने रोग्याला त्याचा पत्ताही लागत नाही.