पाय कोणी दाबला?

पुढे वाचण्यापूर्वी मासिक क्षणभर मांडीवर ठेवा आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवा. कोणता अंगठा वर आला ते पाहून ठेवा. आता हात सोडवा व पुन्हा गुंतवा, परंतु या खेपेस दुसरा अंगठा वर आला पाहिजे. त्यासाठी सगळीच बोटे एकेक घर सरकवावी लागतील. जमले ना? जमले असेल, पण हात कोणा दुसऱ्याचेच आहेत असे वाटले असेल. आजवर हजारो वेळा तुम्ही बोटे गुंतवली असतील. तरीही आपला नेमका कोणता अंगठा वर असतो, हे बहुतेकांना या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

हे झाले हातांचे. विचारांचेही असेच होते काय? त्यासाठी दुसरा प्रयोग करू. हाताशी कागद-पेन्सिल घ्या. एका गवळ्याकडे खुणा नसलेली तीन भांडी आहेत आणि दूध हवे तेवढे आहे. भांडी भरून, एकातून दुसऱ्यात ओतून सांगितलेले माप काढावयाचे.

पहिले गणित : भांडी १७, ६० व ४ लिटरची, हवे ३५ लिटर.
दुसरे : भांडी १२, ५५ व ९, हवे २५.
तिसरे : भांडी १९, ४८ व ७, हवे १५.
चौथे : भांडी १६, ४५ व ५, हवे १९.
पाचवे : भांडी २२, ४७ व ३, हवे १९.

पहिल्याची रीत सांगून टाकतो. ६० चे भांडे भरावे, त्यातून एकदा १७ चे भरून घ्यावे आणि दोनदा ४ चे, उरले ३५. पुढची चार तुम्ही सोडवा. सोडवल्याखेरीज पुढे वाचू नका.

पाचव्याचे उत्तर तुम्ही ४७ वजा २२ वजा ३ वजा ३ असे लिहिले का? उत्तर बरोबर आहे, पण २२ चे भांडे भरून त्यातून ३ लिटर काढले की १९ उरतात! एवढी साधी गोष्ट दिसली कशी नाही? हे गणित मी वर्गात फळ्यावर घालतो, तेव्हा एक गंमत नेहमी होते. पहिल्या बाकावरची भराभर गणिते सोडवणारी मुलेच लांबचा रस्ता आधी धरतात, आणि एखादा विद्यार्थी उशिरा वर्गात येऊन थेट पाचवे गणित पाहतो, तो दाराजवळूनच म्हणतो, "सर, बावीसमधून तीन."

अशा प्रकारच्या गणितांवर अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने केलेले प्रयोग १९४२ साली प्रसिद्ध झाले. आधीची लांब रीतीची गणिते सोडवून आलेल्यांपैकी बहुतेकांना सोपी वाट दिसत नाही, नव्याने आलेल्यांना ती सहज दिसते, असे त्याला आढळले. काहींना त्याने मध्येच कागदावर 'आंधळे होऊ नका' अशा अर्थाची सूचना लिहावयास लावली. त्याने पुष्कळांचे डोळे उघडले, सर्वांचे नाही. परीक्षेत मोटारीच्या वेगाच्या गणितात ९.८ घालणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. मागची चार गणिते खाली पडणाऱ्या दगडाची होती, एवढेच कारण!

सवय ही मेंदूने केलेली काटकसर आहे. नवी कृती शिकताना प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते. सायकल शिकत असताना कोणी नाव विचारले, तर उत्तर देता येत नसे, हे आठवून पाहा. पुढे तीच कृती मेंदूच्या खोल भागातील चेतापेशींच्या समूहांकडे सोपवली जाते. अमेरिकेत ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना एका वाटेने धावावयास शिकवून या भागातील पेशींचे संदेश नोंदले गेले. उंदीर नवखा असताना या पेशी वाटभर जाग्या असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यत्वे आरंभी आणि शेवटी जोराने संदेश देऊ लागल्या. जणू सगळ्या वाटेचे एकच गाठोडे बांधले गेले. आरंभीची खूण मिळाली की गाठोडे आपोआप शेवटपर्यंत उलगडते. हे सोयीचे आहे खरे. अन्यथा सकाळी दात घासण्यातच आपली सर्व बुद्धी खर्च झाली असती. परंतु मधल्या भागात कोणी पाहारेकरी नसतो, ही या सोयीची किंमत आहे.

ती किंमत किती असू शकते, हे मला गणिताच्या वर्गात कळले नाही, गावात कळले. आमची चऱ्होली इंद्रायणीच्या काठी. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत, नदीपलीकडे थोडे पुढे गेले की चाकण. मोटारींचे लहानमोठे भाग बनवणारी असंख्य वर्कशॉपे या पट्ट्यात आहेत. माझा एक जुना विद्यार्थी बारावीनंतर अशाच एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर लागला. काही महिन्यांनी तो भेटावयास आला, तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे नव्हती. मी न विचारताच म्हणाला, "सर, पाय मी दाबला नव्हता. तो दाबला गेला."

हे वाक्य मला प्रथम सबब वाटले. प्रेस कसा चालतो हे नीट समजून घेतल्यावर माझी मलाच लाज वाटली.

पॉवर प्रेसमध्ये मोटर एक जड चाक फिरवत ठेवते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. फिरणाऱ्या या चाकात गतिज ऊर्जा साठलेली असते. कामगार पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो आणि पायाने पेडल दाबतो. त्याबरोबर क्लच लागतो, चाकाची ऊर्जा रॅमला मिळते, रॅम खाली येतो आणि पत्रा कापला किंवा वाकवला जातो. ठेवणे, हात मागे घेणे, पाय दाबणे, जॉब काढणे. एका पाळीत हे हजारो वेळा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पायरी ध्यानात ठेवावी लागते, महिन्याभरात त्याचे गाठोडे होते. मग एके दिवशी जॉब तिरका बसतो. तो सरळ करण्यासाठी हात पुन्हा आत जातो. मात्र पायाची खूण ठरलेली असते : जॉब ठेवून झाला की दाबणे. हात दुसऱ्यांदा आत गेला आहे, ही बातमी पायाच्या गाठोड्यात कुठेच नसते.

आता थोडे गणित करू. प्रेस मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास अर्धा सेकंद आणि रॅम वरून खाली येण्यास पाव सेकंद, म्हणजे ०.२५ सेकंद लागतो. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करावयास साधारण ०.२ सेकंद लागतो. (हे घरी मोजता येईल. मित्राने उभी धरलेली फूटपट्टी त्याने अचानक सोडताच दोन बोटांच्या चिमटीत पकडा. पट्टी २० सेंटिमीटरच्या आसपास निसटली, तर तुमचा वेळ ०.२ सेकंद. सूत्र तुम्हांस ठाऊक आहेच.) म्हणजे चूक ध्यानात येऊन हात हलू लागेपर्यंत रॅम जवळजवळ पोहोचलेला असतो. शिवाय जुन्या पद्धतीच्या खिळी-क्लचचा प्रेस एकदा सुटला की पूर्ण फेरा घेतल्याशिवाय थांबत नाही. पेडलवरून पाय उचलूनही उपयोग नसतो.

अशा अपघाताच्या कागदावर बहुधा एकच कारण लिहिले जाते : कामगाराचे लक्ष नव्हते. भौतिकीचा शिक्षक म्हणून मला हे कारण 'दगड पडला, कारण तो खाली गेला' या जातीचे वाटते. लक्ष काढून घेणे हेच तर सवयीचे काम आहे. तेव्हा लक्ष ठेव असे भिंतीवर लिहून भागत नाही. सवयीची साखळीच कोठेतरी तुटेल अशी व्यवस्था करावी लागते. पेडल काढून त्याऐवजी एकमेकांपासून दूर अशी दोन बटणे बसवतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याखेरीज रॅम सुटत नाही, मग हात आत राहणार कसा? नव्या प्रेसना डायपुढे प्रकाशकिरणांचा पडदा असतो. किरण अडला की यंत्र मध्येच थांबते. खिळी-क्लचच्या प्रेसला मात्र हा पडदा निरुपयोगी, कारण तो मध्येच थांबूच शकत नाही. तेथे जाळी लावावी लागते व जॉब चिमट्याने ठेवावा लागतो. धोकादायक यंत्रांना आवरण हवे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच केलेली होती. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रेसची जाळी काढून कोपऱ्यात ठेवलेली होती. जाळीमुळे जॉब कमी निघतात, असे त्याला सांगण्यात आले होते.

सवय उपदेशाने तुटत नाही, तिची खूण बदलावी लागते, याचे एक उत्तम उदाहरण मुंबईत घडले. उपनगरी गाड्यांचे रूळ ओलांडताना तेथे अनेक माणसे दगावतात. ओलांडणाऱ्यांना धोका ठाऊक नसतो असे नाही. पण ते रोज ओलांडतात, रोज काही होत नाही, आणि पाय वळतात. २००९-१० च्या सुमारास वडाळा स्थानकाजवळ 'फायनल माइल' या संस्थेने रेल्वेच्या सहकार्याने एक प्रयोग केला. तेथील काही स्लीपर ओळीने पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. मोठी वस्तू प्रत्यक्षाहून सावकाश येत असल्याचा भास आपल्या डोळ्यांस होतो. हर्शेल लायबोविट्झ या शास्त्रज्ञाने १९८५ साली रेल्वे-फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात हे मांडले होते. लोहगावला उतरणारे मोठे विमान कसे आकाशात तरंगत असल्यासारखे दिसते! पिवळे पट्टे भराभर गाडीखाली जाताना दिसले की तिचा खरा वेग डोळ्यांना कळतो. दुसरा बदल भोंग्याचा. एक लांब भोंगा कानांच्या सवयीचा झालेला असतो. त्याऐवजी दोन तुटक भोंगे देण्यास सांगण्यात आले. मधली शांतता कान टवकारावयास लावते. तिसरे म्हणजे, गाडी अंगावर येत असलेल्या माणसाच्या भयभीत चेहऱ्याचे मोठे फोटो तेथे लावले गेले. यानंतर त्या ठिकाणचे मृत्यू बरेच घटल्याचे नोंदले गेले. पूल बांधणे आणि कुंपण घालणे यांची गरज त्यामुळे संपते असे मात्र मी म्हणणार नाही.

आगगाडीच्या इंजिनात बसणाऱ्यांनी याहून जुनी युक्ती चालवली आहे. सिग्नल दिसताच चालक व सहचालक हात करून त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत तर प्रत्येक सिग्नलकडे व काट्याकडे बोट दाखवून तो उच्चारण्याची शिस्त आहे. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात केलेल्या चाचणीत, नुसते पाहून केलेल्या शंभर कृतींत सरासरी २.३८ चुका झाल्या, तर बोट दाखवून व बोलून केलेल्या शंभरांत ०.३८. डोळ्यांची सवय झोपली तरी हात, तोंड आणि कान मिळून तिला जागे करतात.

आपल्या स्वतःच्या सवयींचे काय? नखे कुरतडणे, वाक्यागणिक 'म्हणजे' म्हणणे, अभ्यासाला बसताच मोबाइल उचलणे? नेथन ॲझ्रिन व नन यांनी १९७३ साली अशा सवयींवर एक उपचार मांडला. त्याची पहिली पायरी सवय सोडणे ही नव्हेच. ती आहे सवय पकडणे. ती केव्हा येते, आधी कोणती हालचाल होते, कोठे व कोणाबरोबर असताना, हे टिपावयाचे. त्यानंतर तिच्या जागी तिच्याबरोबर होऊच शकणार नाही अशी कृती करावयाची. नखे कुरतडण्यासाठी हात वर निघाला की मूठ घट्ट आवळून एक-दोन मिनिटे धरावी. आवळलेल्या मुठीची नखे कुरतडता येत नाहीत!

नवी सवय एकवीस दिवसांत लागते, असे पुष्कळदा ऐकू येते. त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साध्यासुध्या सवयी आपोआप घडू लागण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागले; कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही.

हे सारे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, तुमची सवय सांगू का?" मी तासाला 'बरं का' फार वेळा म्हणतो, असे तिचे म्हणणे. मला ते पटले नाही. तेव्हा दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळे बसून वहीत उभ्या रेघा ओढावयाच्या, असे ठरले. पन्नास मिनिटांत एकाच्या ४१ रेघा झाल्या, दुसऱ्याच्या ४३. मी स्वतः ध्यानात ठेवून मोजलेले होते सहा! दुसऱ्या आठवड्यापासून मी खिशात चिंचोके ठेवू लागलो. 'बरं का' तोंडातून निसटले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. सुरुवातीला शब्द बोलून गेल्यावर हात खिशाकडे जाई. मग शब्द ओठांवर असताना जाऊ लागला. पुढे पुढे शब्दाच्या आधी येणारा क्षणभराचा थांबा ओळखू येऊ लागला. फळ्याकडून वर्गाकडे वळलो की तो येतो. आता वळल्यावर मी मुद्दाम गप्प राहून एक श्वास घेतो. तीन महिन्यांनंतर त्याच दोघांनी पुन्हा मोजले. 'बरं का' ९. मी खूश होऊन वही मागितली, तर शेजारी दुसरी रांग होती : 'काय होतं', २६.