२६४० सालापर्यंत लागलेला सूर

जर्मनीतल्या हाल्बरश्टाट शहरात, बुर्खार्डी चर्चच्या ओक्याबोक्या दगडी भिंतींमध्ये एक ऑर्गन रात्रंदिवस वाजतो आहे. वाजवायला समोर कुणी बसलेलं नाही. पट्ट्या दाबलेल्या राहाव्यात म्हणून त्यांच्यावर वाळूच्या छोट्या पिशव्यांचं वजन दिलंय. विजेवर चालणारे भाते हवा पुरवतात आणि नळ्या तोच सूर धरून राहतात, रात्री दाराला कुलूप लागल्यावरसुद्धा. ही एकच रचना आहे. ती ५ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाली आणि २६४० च्या सप्टेंबरात संपेल.

६३९ वर्षं! आकडा मनात मावेना, म्हणून मी तो मोडून पाहिला. दिवस होतात २ लाख ३३ हजारांवर, तास ५६ लाख. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर पंचवीस पिढ्या. हीच रचना मैफलीत अर्ध्या तासातही वाजवता येते. त्या हिशेबाने इथली लय एक कोटी पटींहून जास्त संथ आहे.

रचना अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची. १९८५ साली त्यांनी ती पियानोसाठी लिहिली, १९८७ मध्ये ऑर्गनसाठी बांधली. शक्य तितक्या सावकाश वाजवा, ही सूचना तिच्या नावातच आहे. सावकाश म्हणजे किती, हे मात्र त्यांनी मोकळं सोडलं, आणि १९९२ मध्ये ते गेले. पियानोचा सूर आपोआप विरतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न फार लांबत नाही. ऑर्गनचं तसं नाही, हवा मिळेल तोवर तो वाजतो. १९९७ मध्ये ट्रॉसिंगेनला जमलेल्या वादकांनी आणि अभ्यासकांनी हा प्रश्न मनावर घेतला. ऑर्गन जगेल तितकं वाजवायचं, तर ऑर्गन जगतो तरी किती?

उत्तर हाल्बरश्टाटमध्ये सापडलं. इथल्या कॅथेड्रलमध्ये निकोलस फाबर याने १३६१ साली एक प्रचंड ऑर्गन उभा केला होता. त्याला २० भाते होते आणि ते चालवायला १० माणसं लागत. आज आपल्या ओळखीची सप्तकातल्या बारा सुरांची पट्टी मोठ्या ऑर्गनवर प्रथम इथेच आली, असं मानतात. सुरुवातीसाठी आधी योजलेल्या २००० सालातून १३६१ वजा केले की उरतात ६३९. जितकं मागे, तितकंच पुढे. मला या वजाबाकीत फार मोठं धाडस दिसतं. रचनेचे भाग आठ, त्यातला एक पुन्हा वाजवायची मुभा. म्हणजे नऊ भाग, प्रत्येकी ७१ वर्षांचे.

सुरुवात झाली ती शांततेने. स्वरलिपीत आधी विराम आहे आणि या लयीत तो ५१८ दिवस चालला. लोक येत, उभे राहत, त्यांना फक्त भात्यांचा श्वास ऐकू येई. पहिला सूर लागला ५ फेब्रुवारी २००३ रोजी. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये लागलेले सूर तब्बल २,५२७ दिवस तसेच राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये ते बदलले, तेव्हा हातमोजे घातलेल्या दोघांनी नव्या नळ्या जपून जागी बसवल्या. हा ऑर्गन अजून पुरा बांधलेलाच नाही. जो सूर लागायचा असेल, त्याच्या नळ्या तेवढ्या त्या दिवशी येतात.

आणि हे सगळं कोणत्या शहरात? ८ एप्रिल १९४५ ला, महायुद्ध संपायला महिनाभर उरलेला असताना, अमेरिकी बॉम्बफेकीत शहराचा जुना गाभा ऐंशी टक्क्यांहून जास्त नष्ट झाला. लाकडी चौकटींची शेकडो घरं जळाली, सुमारे अडीच हजार माणसं गेली. शतकानुशतकं जमवलेलं एका सकाळीत संपलं. बुर्खार्डी चर्चनेही कमी सोसलेलं नाही. अकराव्या शतकातली ही वास्तू. इथे कित्येक शतकं जोगिणींचा मठ होता, तीस वर्षांच्या युद्धात तिची पडझड झाली, १८१० मध्ये मठ बंद पडला आणि पुढे तिचा उपयोग कोठारासारखा झाला, डुकरंही इथे ठेवली गेली. अशा ठिकाणी, सगळं एका सकाळीत गमावलेल्या शहराने साडेसहाशे वर्षांचा शब्द द्यावा, याने मी हलून जातो.

खर्च चालतो देणग्यांवर. रचनेतलं एकेक वर्ष देणगी देऊन आपलंसं करता येतं आणि त्या वर्षाची धातूची पाटी भिंतीवर लागते. पाटीवर स्वतःचा मजकूर घालता येतो. देणारा आपलं वर्ष उजाडलेलं बहुधा पाहणार नसतो, तरी तो मजकूर विचार करून लिहितो.

फेब्रुवारी २०२४ मधल्या सूरबदलानंतरचा पुढचा बदल ५ ऑगस्ट २०२६ ला ठरलेला आहे. नवातला पहिला भाग संपायला २०७२ उजाडेल. आज शाळेत जाणारी मुलं तेव्हा साठीच्या आसपास असतील.