तलाव सरकारचा, श्रम गावाचे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी जुने तलाव आहेत. त्यांची संख्या सुमारे ७ हजार सांगितली जाते. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास जमीन बहाल होत असे. कोहळी समाजाने त्यात असामान्य कौशल्य दाखविले. उताराची अचूक पारख करून पाळ घालावी, मोरीवाटे खालच्या धानशेतीला पाणी द्यावे आणि जादा पाणी सांडव्यावरून पुढील तलावात सोडावे, अशी ती व्यवस्था होती. एक तलाव बिघडला की त्याची झळ पुढील तलावांनाही पोहोचत असे. म्हणूनच पाळीची निगा हे साऱ्या पंचक्रोशीचे काम होते.

१९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. जुलमी मध्यस्थ गेला, हे योग्यच झाले. परंतु त्याच्याबरोबर तलावही शासनाकडे गेले आणि लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. मालकी बदलली, तसा जिव्हाळाही आटला. गाळ साचत गेला, काठावर अतिक्रमणे झाली आणि बेशरम या परदेशी वनस्पतीने उथळ पाणी व्यापले.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही दशकांत भंडारा-गोंदिया परिसरात ढिवर समाजाचे मच्छीमार आणि स्थानिक अभ्यासक यांनी केलेले कार्य मोलाचे आहे. त्यांनी बेशरम उपटून काढली, तलावाचा तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पतींची लागवड केली. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. वरवर साध्या दिसणाऱ्या या श्रमांमागे पक्का विचार आहे. रोहू, कटला यांसारखे मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे त्यांचे बीज वारंवार विकत आणावे लागते. गवत्या मासा तर पाणवनस्पतीच फस्त करतो. उलट अनेक लहान स्थानिक मासे वनस्पतींच्या आश्रयाने वाढतात व आपली वीण आपणच टिकवितात. वनस्पती परतल्या, तर मासे परततात. आणि मासे परतले, तर गरिबाच्या ताटातील कालवणही परतते.

केवळ यंत्राने गाळ उपसणे म्हणजे तलावाचे पुनरुज्जीवन, हा समज म्हणूनच अपुरा आहे. तलाव हा निव्वळ खड्डा नव्हे. उथळ काठ खरवडला गेला, तर पाणी वाढेल. परंतु त्यातील जीवन वाढेलच असे नाही.

तथापि, खरा प्रश्न श्रमांचा नसून अधिकाराचा आहे. मच्छीमार सहकारी संस्थांना तलाव मिळतो तो ठरावीक मुदतीच्या ठेक्याने. ज्याला पुढील वर्षांची शाश्वती नाही, त्याने सावकाश फळणाऱ्या कामात घाम का गाळावा? तरीही काहीजण तो गाळीत आहेत, हे त्यांचे मोठेपण. पण कोणाच्या मोठेपणावर धोरण उभे राहत नसते. स्वयंसेवकांचे कौतुक करून शासनाने आपली जबाबदारी त्यांच्या माथी मारणे, हा तर न्याय नव्हेच.

ठेक्याची मुदत वाढविणे, तलावाची हद्द व पाण्याचे येवे मोजून दप्तरी नोंदविणे आणि दुरुस्तीच्या निर्णयात ग्रामसभेला व ढिवरांना स्थान देणे, एवढे तरी तातडीने व्हावयास हवे. शाळेतील शिक्षक विद्यार्थ्यांना पाळीवर नेऊन गावाचा नकाशा शिकवू शकतात. कचेरीतील कारकुनाने अचूक केलेली एक नोंद अतिक्रमण रोखू शकते. शेकडो वर्षांपूर्वी गावाने बांधलेला तलाव राखण्याचा अधिकार गावाला परत मिळाला, तरच आज होत असलेले श्रमदान उद्या व्यर्थ ठरणार नाही.