रेडियमचे काटे आणि कुकरची रिंग

परळच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर त्यांना जुनं फेवर लूबा 'सी किंग' मिळालं. डायल कोरी करकरीत, काटे अंधारात हिरवे लखलखतात, मागच्या झाकणावर 'वॉटरप्रूफ' कोरलंय आणि भावही खिशाला झेपणारा. हे घालून अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या पाण्यात उतरलं तर चालेल का? उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण त्या 'नाही'च्या मागे बरंच भौतिकशास्त्र, थोडं रसायनशास्त्र आणि मुंबईच्या घड्याळबाजाराची साठ वर्षांची सवय दडलेली आहे. वाचकाने घड्याळाच्या चांगल्या अवस्थेच्या ज्या तीन खुणा सांगितल्या, त्यातल्या दोन संशयास्पद आहेत आणि तिसरी केव्हाच मुदतबाह्य झाली आहे. पाण्यात वापरायच्या जुन्या घड्याळाची खरी तब्येत डायलवर दिसत नाही. ती दिसते मागचं झाकण उघडल्यावर, त्याच्या आतल्या कडेला, आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही.

आधी नावाचा हिशेब. फेवर लूबा ही मूळची स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावची, १७३७ सालापासून वंशावळ सांगणारी पेढी. १८६५च्या सुमारास ती मुंबईत आली आणि पुढे शंभर वर्षांत इतकी इथली झाली की लग्नातल्या जावयाच्या घड्याळाला लोक कंपनीच्याच नावाने ओळखू लागले. (२०११ साली ती चक्क टाटांच्या टायटनने विकत घेतली. नंतर पुन्हा हात बदलले, तो भाग वेगळा.) सी किंग, सी चीफ ही तिची इथे भरपूर खपलेली मॉडेलं. त्यांच्या नावात समुद्र असला तरी ती ऑफिसला घालून जायची साधी, नेटकी घड्याळं होती. पावसाचे चार थेंब सोसतील एवढीच त्यांची तयारी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पाणबुड्यांसाठी कंपनीने खरंखुरं बनवलं ते 'डीप ब्लू', १९६४चं, आणि त्यानंतरचं 'बॅथी', ज्याच्याकडे पुढे वळूच. ही दोन्ही चोरबाजारात शोधत बसण्यापेक्षा समुद्रात सुई शोधणं बरं, आणि खरं बॅथी मिळालंच तर त्याचा भाव आता लाखांत जातो. तेव्हा स्वस्तात संग्रह करणाऱ्याच्या हाती येतात ती बहुतेक नावापुरती दर्यावर्दी घड्याळं.

आता त्या कोऱ्या डायलबद्दल. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशी घड्याळाचे अस्सल सुटे भाग मिळणं दुरापास्त होतं. घड्याळ मात्र टाकून द्यायची पद्धत नव्हती. त्यामुळे डाग पडलेली डायल खरवडायची, पुन्हा रंगवायची, त्यावर नाव छापायचं, एका घड्याळाचे काटे दुसऱ्याला आणि दुसऱ्याची चावी तिसऱ्याला बसवायची, हा इथल्या कारागिरीचा भागच झाला. परदेशातले संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि तो शब्द कौतुकाचा नाही. कारखान्याने कधीच न काढलेली केशरी-निळी जोडी, किंचित तिरकं उतरलेलं नाव, सहाच्या आकड्याखाली गायब किंवा जाड झालेलं 'स्विस मेड', या खुणा भिंगाखाली लगेच दिसतात. पण भिंगाहून खात्रीची साक्ष देतात ते चमकणारे काटे.

इथे एका शब्दापाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत 'रेडियम' म्हणजे रिक्षाच्या मागचं चकाकणारं स्टिकर. नंबरप्लेट रंगवणारा तो 'रेडियमवाला'. त्या स्टिकरात रेडियमचा कणही नसतो, ते फक्त समोरचा प्रकाश परत फेकतं. हा शब्द मात्र थेट घड्याळाच्या काट्यांवरून रस्त्यावर उतरला असावा, कारण जुन्या काट्यांवर खरोखरच रेडियम असायचं. झिंक सल्फाइडच्या पुडीत रेडियमचा क्षार मिसळायचा. रेडियममधून सुटणारे कण त्या पुडीवर आदळत राहतात आणि ती रात्रंदिवस मंद हिरवी तेवते. गंमत पुढे आहे. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. म्हणजे साठ वर्षांत ते तीन टक्केसुद्धा घटलेलं नसतं. मार खाऊन खाऊन आधी मरते ती झिंक सल्फाइडची पूड. दिवा गेलेला आणि वीज चालू, अशी ती अवस्था. साठच्या दशकात रेडियमची जागा ट्रिशियमने घेतली, त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षं. १९६५च्या ट्रिशियमपैकी आज साडेतीन टक्क्यांच्या आतच उरलं असेल. इथे वीजच गेली. दोन्ही प्रकारांत निष्कर्ष एकच: साठ वर्षांचे काटे अंधारात रात्रभर लखलखू शकत नाहीत. लखलखत असतील तर त्यांच्यावर जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ साली आणलेल्या स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेटच्या जातीचा रंग चढवलेला आहे. तो प्रकाश पिऊन घेतो आणि तासन्‌तास सोडत राहतो. दुकानात मोबाइलचा टॉर्च मिनिटभर धरून मुठीच्या अंधारात पाहिलं की झालं. जुना रंग फार तर काही क्षण हलकासा उजळून विझेल. गायगर काउंटर हाताशी असेल तर रेडियमचं घड्याळ टकटक करतं. ट्रिशियमचं गप्प राहतं, कारण त्याचे दुबळे बीटा कण काचेच्या बाहेरच पडू शकत नाहीत. आणि हो, बंद घड्याळातल्या रेडियमला घाबरायचं कारण नाही, पण हौसेने काटे खरवडून ती धूळ उडवू नये. ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून डायल रंगवणाऱ्या न्यू जर्सीच्या कित्येक मुली शंभर वर्षांपूर्वी याच रेडियमच्या विषबाधेने गेल्या, हे वाचकांना ठाऊक असेलच.

डायलचा निकाल लागला. आता मागचं 'वॉटरप्रूफ'. घड्याळात पाणी शिरायच्या वाटा तीनच: काच, चावी आणि मागचं झाकण. तिन्ही ठिकाणी राखणदार एकच, रबराची रिंग. तिचं काम कसं चालतं आणि कसं बंद पडतं हे ज्याने कुकर वापरलाय त्याला शिकवायला नको. नवी रिंग लवचीक असते, दाबली की फट भरते आणि सोडली की मूळ जागी येते. वर्षानुवर्षं दाबाखाली, उष्णतेत आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या संगतीत राहिली की रबराच्या साखळ्या एकमेकींशी जास्तच बांधल्या जातात. रिंग कडक होते, चपटी होते आणि चपटीच राहते. मग कुकरची शिट्टी होत नाही, बाजूने वाफ जाते. घड्याळाला शिट्टी नसते, एवढाच फरक. झाकणावर कोरलेला शब्द किंवा मीटरचा आकडा हा घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवसापुरता खरा. आजचा आयएसओ ६४२५ हा नियम पाणबुड्यांच्या घड्याळाला किमान १०० मीटरची ताकद मागतो आणि लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाखाली चाचणी घ्यायला लावतो. तोही नव्या रिंगेच्या भरवशावरच. कुकरवरून आणखी एक जोडी आठवते. हॉकिन्सचं झाकण आतून लागतं, म्हणून आतली वाफ जितकी जोर लावेल तितकं ते घट्ट बसतं. पन्नाशीच्या दशकात एर्विन पिकेरेझ या स्विस कंपनीने घड्याळाची 'कॉम्प्रेसर' पेटी काढली. तिची कल्पना हीच, फक्त उलट बाजूने: बाहेरचं पाणी जितकं दाबेल तितकं झाकण रिंगेवर आवळत जातं. ५० मीटर खोलीवर ३० मिलिमीटर व्यासाच्या काचेवर सुमारे ३५ किलोचा जादा भार येतो, २०० मीटरवर १४० किलोचा. त्या भारालाच राखणदार बनवायचं, हे डोकं फार सुंदर चाललं होतं.

जलरोधक घड्याळाची जी दंतकथा सगळीकडे सांगितली जाते, तीही या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखी आहे. मर्सिडिझ ग्लाइट्झ ही टंकलेखिका ७ ऑक्टोबर १९२७ला इंग्लिश खाडी पोहून गेली. त्यानंतर दुसऱ्या एका बाईने खाडी पोहल्याची थाप मारल्यामुळे सगळ्यांवरच संशय आला, तेव्हा २१ ऑक्टोबरला ती पुन्हा पाण्यात उतरली. या खेपेला गळ्यात रोलेक्सचं ऑयस्टर बांधलेलं होतं. पाणी इतकं गार की दहा तासांहून जास्त झुंजूनही तिला बोटीत ओढून घ्यावं लागलं. पोहणं पुरं झालं नाही, घड्याळ मात्र चालू होतं. महिनाभराने लंडनच्या डेली मेलच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली. गळ्यातलं घड्याळ पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम वीतभर होतं हे लक्षात घेतलं, तर ही परीक्षा खोलीची नव्हती. ती चिवटपणाची होती, आणि ती खरी तर चावीने दिली. स्क्रूसारखी पिळून बसवायची ती चावी ज्यांनी घडवली आणि पेटंट केली त्या पेरेगो आणि पेरे या दोन स्विस कारागिरांची नावं जाहिरातीत कशाला येतील? रोलेक्सचे मालक विल्सडॉर्फ साहेबांनी त्यांचं पेटंट विकत घेतलं आणि इतिहास स्वतःच्या नावावर करून टाकला.

तर मग चौपाटीवर, कमरेएवढ्या पाण्यात काय बिघडणार? तिथला दाब तर नगण्यच. इथेच लोक फसतात. भर उन्हात लालबागहून निघालेल्या मिरवणुकीत मनगटावरचं घड्याळ सहज ४० अंशांपर्यंत तापतं. ते २८ अंशांच्या पाण्यात बुडवलं की आतली हवा थंड होते आणि आतला दाब सुमारे चार टक्क्यांनी उतरतो. म्हणजे समुद्राने ढकलण्याआधीच घड्याळ स्वतः चाळीसेक सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतक्या जोराने पाणी ओढायला लागतं. रिंग मेलेली असेल तर एवढं पुरतं. एकदा खारट थेंब आत गेला की तो दिसत नाही अशा जागी बसतो: झाकण आणि पेटी यांच्यामधल्या चिमूटभर फटीत. घाम आणि मीठ आधीच तिथे साचलेलं असतं. फटीतला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठत जातं, आम्लता वाढते आणि स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा तिथेच फाटतो. बाहेरून आरशासारखं पॉलिश मारलेल्या पेटीच्या आतल्या कडेला मग सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. पितळेवर क्रोम चढवलेली पेटी असेल तर हिरवं कीटच. या खड्ड्यांवर नवी रिंग बसवून उपयोग नाही, कारण रिंगेला टेकायला सपाट जागाच उरत नाही. डायल खराब असेल तर फक्त रूप गेलेलं असतं. कडा खराब झाली की ते घड्याळ पाण्याच्या कामातून कायमचं उठलं.

यावर एक आक्षेप हमखास येईल: रंगवलेली डायल का वाईट? तीन-चार हजारांत छान दिसणारं, टिकटिक करणारं घड्याळ मिळतंय, मग अस्सलपणाचं सोवळं कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ज्या हातांनी नखाएवढ्या जागेत ब्रशने रेघा मारल्या त्यांचं कसब खोटं नाही. विक्रेता 'रीडायल आहे' असं सांगून त्या भावात देत असेल तर त्यात कसली फसवणूक? अडचण वेगळीच आहे. रंग हा पुरावा पुसतो. पिवळसर झालेला, कडेला किंचित फुगलेला मूळ रंग सांगत असतो की आत कधी दमट हवा शिरली होती की नाही. तो खरवडला की घड्याळाचा वैद्यकीय इतिहासच जाळून टाकल्यासारखं होतं. आणि ज्या घड्याळात पाणी शिरलं तेच रंगवायला जातं, हा साधा तर्क. दुसरा आक्षेप असा, की रिंग मेलेली, काटे विझलेले, तर जुनं घड्याळ घ्यायचंच कशाला? कारण यंत्र तेल देऊन चालू होतं, रिंग नवी मिळते, काच बदलता येते. कडा शाबूत असेल तर हवेच्या दाबाच्या यंत्रावर तपासून घेतलेलं साठ वर्षांचं घड्याळ पावसाला पुरतं. खोल पाण्याची हौस असणाऱ्याने नवंच घ्यावं.

आणि ते बॅथी? त्या काळात खोली मोजायची सोपी युक्ती म्हणजे एका टोकाला उघडी बारीक नळी. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिच्यातली हवा १० मीटरवर निम्मी होते, २० मीटरवर तिसरा हिस्सा, ३० मीटरवर चौथा, त्यामुळे खोल गेल्यावर आकडे एकमेकांवर चढतात. बॅथीने हवा सोडून धातूच्या पातळ पडद्यावर भिस्त ठेवली. मागच्या झाकणाला मुद्दाम भोकं, पाणी आत येऊन पडद्याला दाबणार आणि पडदा काट्याला, थेट ५० मीटरपर्यंत. बाकी सगळे पाणी बाहेर ठेवायला धडपडत असताना या कंपनीने त्याला दार उघडून दिलं. ज्या शहरात ती शंभर वर्षं नांदली त्याच्या बंदरात मात्र पाणी दहा-बारा मीटरच खोल आहे.

परळच्या वाचकांना एवढंच सांगणं: घड्याळ परत करू नका, भाव बरा पडला आहे. आधी गल्लीतल्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या आणि भिंगातून कडा बघा. मिरवणुकीत खुशाल घाला. चौपाटीच्या वाळूवर पोचलात की मात्र काढून काठावर थांबणाऱ्या कुणाच्या तरी खिशात ठेवा.