पाटसकर, हरि विनायक

(१५ मे १८९२–२१ फेब्रुवारी १९७०). भारतीय कायदेपंडित, संसदपटू, केंद्रीय मंत्री व मध्य प्रदेशचे राज्यपाल. भाषिक राज्यांच्या सीमा आखण्याच्या ‘पाटसकर सूत्रा’मुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात विशेष परिचित आहे, मात्र हे सूत्र ज्या वादातून निघाले, त्याच्याशी महाराष्ट्राचा संबंध नव्हता.

त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला. पुणे व मुंबई येथे शिक्षण घेऊन त्यांनी खानदेशात चाळीसगावी वकिली केली. काँग्रेसच्या चळवळीत ते १९२० पासून होते. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि १९५२ मध्ये जळगावातून लोकसभेवर निवडून आले.

केंद्रीय विधी मंत्रालयात मंत्री असताना हिंदू कायद्याच्या सुधारणेची विधेयके संसदेत पुढे नेण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्याकडे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एकत्रित हिंदू संहिता विधेयक रखडल्यावर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. नंतर त्याच विषयाचे भाग पाडून १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व आणि दत्तक व पोटगी असे चार अधिनियम संमत झाले. द्विभार्याबंदी व घटस्फोट या तरतुदी मुंबई प्रांताला नव्या नव्हत्या. तेथे त्यासंबंधीचे कायदे १९४६ व १९४७ मध्येच झाले होते. खरा विरोध मुलीच्या वारसाहक्काला झाला. तिला पित्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, परंतु मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध सहदायिकत्व मिळाले नाही. ही उणीव महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये भरून काढली.

आंध्र व मद्रास या राज्यांमधील सीमावादात पाटसकरांना लवाद नेमण्यात आले. राज्य पुनर्रचना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. सीमेवरील जिल्ह्यात दोन भाषांची वस्ती सरमिसळ असते. त्यामुळे जिल्हा अखंड ठेवला की कोणत्या तरी भाषिकांची बरीच गावे परराज्यात जातात. पाटसकरांनी त्याऐवजी खेडे हा घटक मानला आणि त्यास भाषिक बहुसंख्या व भौगोलिक सलगता या दोन कसोट्या लावल्या. त्यांच्या निवाड्यावर आधारित अधिनियम १९५९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९६० पासून अंमलात आला. त्यानुसार चित्तूर जिल्ह्यातील तिरुत्तणी तालुका मद्रासकडे, तर चिंगलपेट जिल्ह्यातील काही तेलुगू गावे आंध्र प्रदेशाकडे गेली.

बेळगाव, कारवार, निपाणी आदी मराठी भाषिक प्रदेशावरील महाराष्ट्राचा दावा याच तत्त्वांवर उभा आहे. ८१४ गावांची मागणी गाव घटक धरल्यानेच मांडता येते. आंध्र-मद्रासच्या बाबतीत दोन्ही राज्यांनी लवाद मान्य केला होता. येथे मात्र मैसूरने (नंतरच्या कर्नाटकाने) हे सूत्र स्वीकारले नाही. न्या. मेहेरचंद महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात काही गावांची अदलाबदल सुचविली, पण बेळगाव शहर मैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला व २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सूत्र निर्दोष असले, तरी ते मानण्याची उभयपक्षी तयारी नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे पाटसकरांच्याच दुसऱ्या कामातही दिसते. आसामातील डोंगरी भागासाठी १९६५-६६ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने आसामच्या चौकटीतच व्यापक स्वायत्तता सुचविली. डोंगरी नेत्यांनी ती नाकारली, आणि मेघालय १९७० मध्ये स्वायत्त व १९७२ मध्ये पूर्ण राज्य झाले.

मध्य प्रदेशचे राज्यपालपद त्यांनी जून १९५७ ते फेब्रुवारी १९६५ या काळात भूषविले. निरनिराळे प्रदेश जोडून हे राज्य नुकतेच बनले होते. १९६३ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १९६७ पासून ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.