बिऱ्हाड पाठीवर, भार खिशावर!

दोन माणसं झोपतील, दोन दरवाजे असतील, वर पाऊसही अडेल आणि सगळ्याचं वजन फक्त साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास! थाप नाही मंडळी, अमेरिकेच्या झेडपॅक्स कंपनीचा ‘डुप्लेक्स’ तंबू असाच आहे. टू बीएचके नसला तरी नाव मात्र डुप्लेक्स! किंमत विचारू नका. विचारलीच? पन्नास-साठ हजार रुपये. पाठीवरचं ओझं हलकं होतं म्हणजे नाहीसं होत नाही, बरं का. ते गुपचूप खिशात जाऊन बसतं.

अल्ट्रालाइट ही कमीत कमी ओझं घेऊन भटकणाऱ्यांची एक जमात आहे. अन्न, पाणी आणि इंधन सोडून पाठीवर जे उरतं ते ‘बेस वेट’. ते दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत आलं की तुम्ही पंगतीत! त्यासाठी ही मंडळी टूथब्रशचा दांडा कापतात, कपड्यांची लेबलं उसवतात, नकाशाच्या कडा छाटतात. (हो, छाटतात. हसू नका, वजनकाटा ऐकतोय.)

माहीत आहे का, या जमातीची कुलदेवता एक आजीबाई आहे? एमा गेटवूड. वय ६७, मुलं ११. १९५५ मध्ये ती अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर एकटीच निघाली आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर चालून गेली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची झोळी. तंबू? छे! पाऊस आला की अंगावर बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. आजीला अजून हौस होती, म्हणून १९५७ मध्ये तोच ट्रेल पुन्हा!

तंबूचं कापड किती पातळ ते ‘डेनियर’मध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचं डेनियर. आता मुंबईकरांनी नीट ऐका. १५ डेनियरचा एक धागा सीएसएमटीपासून थेट दादरपर्यंत ताणला, तरी त्या अख्ख्या धाग्याचं वजन भरेल १५ ग्रॅम! आणि बाजारात सात डेनियरचेही तंबू मिळतात. अशा तंबूत नखं कापून शिरावं.

पण सुपरस्टार कापड वेगळंच आहे. त्याचा जन्म डोंगरात झालाच नाही, झाला समुद्रावर! १९९२ मध्ये ‘अमेरिका क्यूब्ड’ नावाच्या बोटीने अमेरिकाज कप ही शिडांच्या बोटींची मानाची शर्यत जिंकली. तिच्या शिडांसाठी जे भन्नाट हलकं कापड घडलं, तेच पुढे ‘क्युबेन फायबर’ म्हणून तंबूंत घुसलं. आज त्याला डायनिमा कंपोझिट म्हणतात. आता गंमत पाहा. डायनिमाचा धागा रसायनशास्त्राच्या हिशेबाने पॉलिथिन आहे, भाजीवाल्याच्या पिशवीचा सख्खा चुलतभाऊ! फक्त या भावाने जिम लावलीय. तो बुलेटप्रूफ जॅकेटात जातो, जहाजांचे दोरखंड होतो, पाण्यावर तरंगतो आणि पाणी पीत नाही.

पाणी पीत नाही हा गुण छोटा वाटला? मग तुम्ही नायलॉनच्या तंबूत पावसाळी रात्र काढलेली नाही. नायलॉन भिजलं की सैलावतं. झोपताना ताठ उभा असलेला तंबू पहाटे दोनला पोट सुटल्यासारखा लोंबतो आणि कोणीतरी बाहेर जाऊन दोऱ्या ताणायच्या असतात. ते ‘कोणीतरी’ कोण, यावर गाढ झोपेची सोंगं घेतली जातात. पॉलिएस्टर त्या मानाने शहाणं, फारसं सैलावत नाही. डायनिमाची मात्र एक नस दुखरी आहे. १५० अंशांच्या आसपास ते वितळतं. आत चहा टाकायचा विचारही नको.

माहीत आहे का, तंबूला खांब नसले तरी चालतात? आजचे बरेच अल्ट्रालाइट तंबू ट्रेकिंग पोलवर उभे राहतात. चालताना काठी, झोपताना खांब, एका तिकिटात दोन खेळ! फार मॉडर्न वाटतं ना? ब्रिटिश गिर्यारोहक अल्बर्ट ममरी यांनी हे एकोणिसाव्या शतकातच केलं होतं. त्यांच्या पिटुकल्या तंबूला आइस-अ‍ॅक्सचे खांब. १८९५ मध्ये ममरी नंगा पर्वतावर गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या धाटणीचा तंबू मात्र पुढे १९२०च्या दशकात एव्हरेस्टच्या मोहिमांवर गेला.

काठीवाल्या तंबूचा एक बारीक तोटा कोणी सांगत नाही. मुक्कामी पोचल्यावर काठी घेऊन पाणी आणायला निघालात की घर खाली बसतं.

शिवाय असे तंबू मेखांच्या जिवावर उभे. आपल्या सह्याद्रीत कातळावर मेख ठोकून दाखवा बरं! मेख वाकेल, दगड हसेल. दोऱ्या धोंड्यांना बांधायची सवय असेल तर ठीक, नाहीतर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, कमानीच्या खांबांचा तंबूच बरा. थोडा जड, पण स्वाभिमानी! आणि हरिश्चंद्रगडासारख्या किल्ल्यांवर गुहेत झोपायची आपली जुनी रीत आहेच. वजन शून्य ग्रॅम. अमेरिकन लोकांना हे मॉडेल अजून काढता आलेलं नाही.

चला, आता एकदम दक्षिण ध्रुवावर! डिसेंबर १९११ मध्ये नॉर्वेचे आमुंडसेन तिथे पहिले पोचले आणि खूण म्हणून एक छोटा, पातळ कापडाचा तंबू मागे ठेवून आले. तो शिवला होता त्यांच्या जहाजावरच्या शिडं शिवणाऱ्या कारागिराने. महिन्याभराने, १८ जानेवारी १९१२ रोजी, मागून आलेल्या ब्रिटिश रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीला तो दिसला. ध्रुवाची शर्यत हरल्याचा पुरावा म्हणून एक तंबू उभा होता.

आता थोडी दुकानदारी. लेबलवर ‘ट्रेल वेट’ किंवा ‘मिनिमम वेट’ लिहिलंय? डोळे बारीक करा! त्यात बहुधा मेखा नाहीत, पिशव्या नाहीत, काही वेळा दोऱ्याही नाहीत. जिममध्ये एक पाय काट्याबाहेर ठेवून वजन करतात ना, तोच प्रकार. विचारायचं ते ‘पॅक्ड वेट’.

‘टू पर्सन’ या शब्दावरही भोळेपणाने विश्वास नको. झोपायची साधी मॅट असते ५१ सेंटिमीटर रुंद. अशा दोन मॅट शेजारी टाकल्या की १०२. अनेक नामांकित हलके तंबू डोक्याकडे १३० आणि पायांकडे निमुळते होत १०५ सेंटिमीटरच्या आसपास येतात. म्हणजे कूस बदलायची तर दोघांनी ठरवून, एक-दोन-तीन म्हणत! उंच माणसांनी तर दुकानातच आडवं पडून बघावं. लाज वाटली तर डोंगरात पाय बाहेर काढून झोपा.

माहीत आहे का, तंबूत पाऊस आतूनही पडतो? तुम्ही रात्रभर श्वासातून आणि घामातून पेलाभर तरी पाणी हवेत सोडता. तंबूची भिंत एकेरी असेल तर ते थंड कापडावर जमतं आणि पहाटे टपटप कपाळावर येतं. दुहेरी भिंतीत आतली जाळी तुम्हाला त्या ओल्या कापडापासून लांब ठेवते. एकेरी हलका, दुहेरी कोरडा. आमचं मत विचाराल तर सह्याद्रीच्या दमट हवेत दुहेरीच. दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त झाले तर घरून निघताना एक बाकरवडीचा पुडा कमी घ्या. (नाही जमणार? आम्हालाही नाही.)

‘वॉटरप्रूफ ३००० मिलिमीटर’ म्हणजे काय? कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात. तीन मीटर उंचीपर्यंत ते गळलं नाही तर ३०००. अल्ट्रालाइट कापडं बरेचदा १२०० वरच हात जोडतात. तेवढं बहुतेक पावसाला पुरतं, पण ओल्या जमिनीवर गुडघा टेकलात तर तळ कुरकुरतो.

म्हणून तंबूखाली अंथरूण हवं. जुगाड ऐका! अल्ट्रालाइटवाले खास अंथरूण विकत घेतच नाहीत. ते अंथरतात टायवेक, म्हणजे अमेरिकेत घरांच्या भिंती बांधताना गुंडाळतात ते कापड. काही कुरिअरची न फाटणारी पाकिटंही त्याचीच! कोणी हिवाळ्यात खिडक्यांना चिकटवायची पारदर्शक फिल्म अंथरतं. पन्नास हजारांचा तंबू आणि खाली हार्डवेअरच्या दुकानातला माल, शाही थाट!

आणि ही शेवटची गोष्ट नाक धरून वाचा. तंबू ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकलात, तर कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने कुजू लागतो. आधी चिकट होतो, मग त्याला चक्क ओकारीचा वास येतो. ट्रेकहून आल्या आल्या तंबू गॅलरीत वाळत घाला. शेजारच्या काकू विचारतीलच, “एवढी झिरझिरीत साडी कुठून आणली हो?” किंमत मात्र सांगू नका.